तेजाबातले जीव आणि खंदारे बाई

कुणाच्याही घरी पाण्याचा तांब्या पुढे आला, की खंदारे बाई तो हातात घ्यायच्या आधी विचारायच्या, "उकळलंय का?"

बरं, विचारायचं ते जरा हळू तरी? छे! शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोराला उठवायला जो आवाज लावायच्या, तोच आवाज. समोरचा माणूस गोंधळून "गाळलंय की" म्हणायचा. मग बाई तांब्या तसाच परत सरकवायच्या, "मग राहू द्या" म्हणायच्या आणि जणू काही झालंच नाही अशा पुढच्या विषयाला लागायच्या. त्या घरात मात्र बरंच काही झालेलं असायचं.

परभणीच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि मी पदार्थविज्ञान. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी सेलूचा, म्हणून त्या मला 'सेलूकर' म्हणायच्या. माझं खरं आडनाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

एकदा आमच्या प्राचार्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. सगळा स्टाफ गेलेला. वहिनींनी ठेवणीतले चांदीचे पेले काढलेले. बाईंपुढे पेला आला, बाईंनी तो प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून पेला परत केला. सगळे वहिनींकडे बघायला लागले. आता हे नीट समजून घ्या. बाई पालमकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध घरातल्या. कोण कुणाच्या हातचं पाणी पीत नाही, आणि का पीत नाही, हे त्या काळी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ते सगळं एकाच दिशेनं चालायचं. इथं ते उलटं चालायला लागलं म्हटल्यावर वहिनींना रागवावं की काय करावं सुचेना. बाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "वहिनी, मी आईच्या हातचंसुद्धा उकळल्याशिवाय पीत नाही. ती तर मला चपलेनं मारायला उठते." आधी प्राचार्य हसले, मग त्यांच्याकडे बघून सगळे हसले. वहिनी पुढे महिनाभर धुसफुसत होत्या. पण नंतरच्या खेपेला त्यांनीच दारातून ओरडून सांगितलं, "या हो या, उकळलंय!"

दिसायला बाई अगदी ठेंगण्या. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाचा त्यांनी कधी उपयोगच केला नाही. साड्या सुती, फिक्या रंगाच्या आणि प्रत्येकीच्या पदराला तेजाबाची बारीक बारीक भोकं. तेजाब म्हणजे ॲसिड. निजामाचं राज्य गेलं तरी आमच्या तोंडातून त्याचे शब्द गेले नव्हते. वर्गात बाई स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा जीव गलबलला, की पालम बाहेर यायचं. पोरं तेवढ्यावरच कान ठेवून असायची. बाईंच्या तोंडी 'आहे'चं 'हाय' झालं, की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल असं व्हायचं.

रविवार आला, की बाई कॉलेजातला जुना मायक्रोस्कोप लाकडी पेटीत घालून एसटीनं कुठल्या तरी खेड्यात जायच्या. बऱ्याचदा मलाही ओढून न्यायच्या, कारण पेटी जड असायची. पेडगावला आम्ही गेलो होतो ते मला नीट आठवतं. पावसाळ्याचे दिवस, गावात उलट्या-जुलाब सुरू. बाईंनी देवळाच्या ओट्यावर मायक्रोस्कोप मांडला, आरसा फिरवून ऊन धरलं, विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि गावातल्या सगळ्यात वजनदार म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बघा." म्हाताऱ्यानं डोळा लावला. बराच वेळ लावला. मग मागे सरून म्हणाला, "बाई, हे वळवळायलंय ते माझ्या पोटात बी हाय का?"

"आहे ना."

म्हाताऱ्यानं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्याला तोंड लावलं नाही. शेवटी बाईंनीच तीन दगडांची चूल मांडून त्याला पाणी उकळून दिलं. निघताना साऱ्या गावाकडून त्यांनी वदवून घेतलं, "पाणी कुठलंही असो, उकळल्याशिवाय हातात घ्यायचं नाही." सगळ्यात मोठ्यानं म्हणणाऱ्यांत उत्तम नावाचा त्याच गावचा पोरगा होता. तो आमच्याच कॉलेजात शिकायचा. पुढच्या वर्षी फौजेत भरती झाला.

असं सगळं असताना बाईंच्या डोक्यात ते तेजाबाचं खूळ शिरलं.

परदेशातून बोटीनं येणारी आणि निम्मी शिळी होऊन पोचणारी मासिकं आमच्या ग्रंथालयात यायची. त्यातल्या एकात बाईंनी वाचलं, की ज्वालामुखीच्या टापूत गरम पाण्याची कुंडं असतात, त्यातलं पाणी हात भाजेल इतकं कढत आणि लिंबापेक्षाही आंबट असतं, म्हणजे चक्क तेजाबच. आणि त्यात जीव राहतात! नुसते तग धरत नाहीत, तर सुखानं नांदतात. गंधक खातात आणि त्याचं आणखी तेजाब करून सोडतात. साध्या, गोड पाण्यात त्यांना ठेवलं तर मरतात.

बाई स्टाफरूममध्ये हे सांगताना खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. प्राणीशास्त्राचे सर म्हणाले, "असं असेल तर चौकातल्या जिलबीच्या कढईतही असतील बघा." मीही मागे राहिलो नाही. म्हटलं, "बाई, आपण बसलोय त्याच्या खालचा काळा दगडसुद्धा ज्वालामुखीचाच. फक्त तुम्हाला यायला जरा उशीर झाला, तो कधीच थंड झाला." सगळे खो खो हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग जिथं थंड झालेला नाही तिथून आणू."

त्यांना डॉक्टरेट करायची होती आणि ती ह्याच जिवांवर करायची होती. गाईड दूरच्या शहरातले, मोठं नाव असलेले गृहस्थ. ते म्हणाले, परभणीत बसून असलं काही होत नसतं, तुम्ही आपलं दह्यावर काम करा. दह्यावर त्यांच्याच कितीतरी विद्यार्थ्यांनी आधी काम केलेलं. बाईंनी दही घ्यायचं साफ नाकारलं. तेव्हा वैतागून ते म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हे जीव जिवंत वाढवून दाखवा. नाहीतर मुकाट्यानं दही."

"दाखवते," बाई म्हणाल्या. जवळ काय होतं? काही नाही. ना कुंडाचं पाणी, ना ते जीव, ना त्यांना लागणारी ऊब.

मी एकदा त्यांच्यावर चिडलोच. पेडगावच्या पुढच्या एका खेपेहून परतताना एसटीची वाट बघत बाभळीखाली बसलो होतो. म्हटलं, "अहो, दही काय वाईट आहे? पदवी मिळेल, पगार वाढेल. कशाला नसता हट्ट?"

बाई बोलल्या त्या पालमच्या भाषेत. "सेलूकर, आमच्या गावाला एक ओढा हाय. वरच्या अंगाला गाव पाणी भरायचं. त्याच्या खाली जनावरं. त्याच्या खाली धुणं. अन् त्याच्या खाली आमी. ते पाणी आमी प्यालोत. माझे दोन भाऊ त्याच पाण्यानं गेले, एकाच आठवड्यात. म्हणून मी उकळा म्हणून बोंबलत फिरते. पण मी जगले की! कशी जगले? जिथं कुणी जगूच नये असं सगळ्यांनी ठरवलंय, तिथं कोन जगायलंय, कसं जगायलंय, ते मला माझ्या डोळ्यानं बघायचंय. दही काय, कुणीबी लावंल."

एसटी आली, तेव्हा मी न सांगता पेटी उचलली.

उत्तमची नेमणूक लडाखात झाली होती. त्यानं खुशालीच्या पत्रात सहज लिहिलं होतं, की इथे एका दरीत जमिनीतून वाफा निघतात, पाणी उकळत वर येतं, आसपास गंधकाचे पिवळे थर आहेत आणि नाक धरून चालावं लागतं. बस्स! बाईंनी त्याला टपालानं तेजाब तपासायच्या कागदाच्या पट्ट्या पाठवल्या. जिथं पट्टी लालभडक होईल, तिथलं गढूळ पाणी सुट्टीवर येताना घेऊन ये, असं लिहिलं. तो पोळ्याच्या सुमाराला येणार होता.

आता राहिला उबेचा प्रश्न. ह्या जिवांना रात्रंदिवस पाऊणशे-ऐंशी अंश ऊब लागते. आमच्या प्रयोगशाळेतलं ऊब देणारं कपाट तेवढं तापायचं नाही, आणि वीज तर कधी जाईल ते तिचं तिलाही माहीत नसायचं. बाई थर्मामीटर घेऊन गावभर हिंडल्या. भडभुंज्याची भट्टी पाहिली, हॉटेलातला चहाचा बंब पाहिला. आणि जे पाहिजे ते सापडलं कुठे, तर त्या जिथं भाड्यानं राहायच्या त्याच घराच्या परसात.

घरमालकीण गंगाबाई. लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, दुधाचा धंदा. परसात एक खड्डा होता. त्यात गोवऱ्या धुमसत असायच्या आणि वर मातीच्या मोठ्या गाडग्यात दूध तापत असायचं. सकाळी ठेवलेलं दूध संध्याकाळपर्यंत तांबूस व्हायचं, पण कधी उतू जायचं नाही. रात्री गंगाबाई राखेखाली विस्तू जपून ठेवायच्या. बाईंनी खड्ड्याच्या कडेकडेनं थर्मामीटर खुपसून पाहिला आणि आनंदानं ओरडल्याच.

गंगाबाईंना विचारायला मला बरोबर नेलं. "गंगामावशी, तुमच्या खड्ड्यात एका कडेला मला एक बाटली ठेवायचीय."

"काय हाय बाटलीत?"

खोटं बोलणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. "तेजाब आहे. आणि त्यात जंतू."

गंगाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बया! दुधाच्या शेजारी? तेजाब? अन् वरून जंतू? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"मावशी, ते जंतू दुधात पडले तर मरतील. गोड काही त्यांना चालत नाही. दुधाला त्यांची भीती नाही, त्यांनाच दुधाची भीती आहे."

हे गंगाबाईंना पटलं का, कुणास ठाऊक. पण त्या मला म्हणाल्या, "ही पोरगी आज न्हाई तर उद्या येऊन पुन्हा इचारंल. तिला न्हाई म्हणून काय उपेग न्हाई. ठेव. दूध ह्या अंगाला, तुझं ते त्या अंगाला. अन् झाकण लावून!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तम आला. कडक इस्त्रीची पँट, चेहरा उन्हा-थंडीनं रापलेला. त्यानं पिशवीतून फौजी बाटली काढून बाईंच्या टेबलावर ठेवली आणि अभिमानानं म्हणाला, "मॅडम, तुमी सांगितलं तसं. पट्टी रक्तासारखी लाल झाली तिथलंच हाय. अन् काळजी करू नका, धा मिनटं चांगलं खळाखळा उकळून मगच भरलंय."

मी बाईंकडे पाहिलं. बाई हळूच स्टुलावर बसल्या.

"उकळलंस?"

"हां मॅडम. तुमीच तर शिकवलं. पाणी कुठलंबी असो, उकळल्याबिगर हातात घ्यायचं न्हाई."

पोरानं हजार-दीड हजार मैलांवरून, हाडं गोठवणाऱ्या थंडीतून पाणी आणलेलं, आणि बाईंची शिकवण तंतोतंत पाळून त्यातले जीव मारून आणलेले! दुसऱ्या कुणी हा घोटाळा केला असता तर बाईंनी त्याला फाडून खाल्लं असतं. इथं रागवायचं तर स्वतःवरच. त्यांचे डोळे भरून आले. दिवाळीच्या आत दुसरं पाणी येणं शक्य नव्हतं. मी मनातल्या मनात दह्याची तयारी सुरू केली.

उत्तम कावराबावरा झाला. "काय चुकलं का मॅडम?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि एकदम भलतंच विचारलं. "उत्तम, तिकडं तुम्ही जेवता काय?"

मला वाटलं, विषय बदलायलात बिचाऱ्या.

"रोटी, डाळ, भात. डब्यातल्या भाज्या."

"डाळ शिजते?"

"डाळीचं नावच काढू नका मॅडम! कुकर आसंल तरच. साध्या पातेल्यात दिवसभर ठेवली तरी छर्र्यासारखी टणक राहती. पाणी खळाखळा उकळायलंय अन् डाळ हाय तशीच."

बाई ताडकन उठल्या. "सेलूकर! तुमचं शास्त्र काढा बाहेर! उंचावर पाणी किती अंशाला उकळतं?"

आणि मी, दरवर्षी हाच धडा खडूनं फळा भरून शिकवणारा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, तोंड वासून बघत होतो. उत्तमला उंची विचारली. तो म्हणाला, चौदा-साडेचौदा हजार फूट. मी कागदावर हिशेब मांडला. "पंच्याऐंशीच्या आसपास," म्हटलं.

"पंच्याऐंशी!" बाई ओरडल्या. "अरे, ते तर त्यांचं न्हाणीघराचं पाणी हाय! त्यानं नुसती आंघोळ घातलीय त्यांना! जिवंत असतील, सेलूकर, जिवंत असतील!" आणि त्यांनी उत्तमच्या पाठीवर असा धपाटा घातला, की फौजी असूनही तो कळवळला.

असतील म्हणणं वेगळं आणि असणं वेगळं. इतक्या दिवसांच्या प्रवासात पाणी गार पडलेलं. बाई म्हणायच्या, गारठ्यात ते मरत नाहीत, झोपतात. पण हे कुठंतरी वाचलेलं, पाहिलेलं नाही. त्यांनी पाण्याचे तीन वाटे केले. फ्लास्कमध्ये गंधकाची भुकटी, क्षार, मोजून तेजाब आणि त्यात एक वाटा. शेजारी अगदी तसाच दुसरा फ्लास्क, फक्त त्यात उत्तमचं पाणी नाही. "हा कशाला?" गंगाबाईंनी विचारलं. "हा खोटं पकडायला," बाई म्हणाल्या. "ह्याच्यात काही झालं नाही आणि त्याच्यात झालं, तरच खरं."

पहिला फ्लास्क चौथ्या-पाचव्या दिवशी तडकला. काच थेट निखाऱ्याला टेकली होती. बाईंनी राखेतले तुकडे वेचले, एका मडक्यात वाळू भरली आणि त्या वाळूत दुसरा वाटा पुरला. आठवड्यात महालक्ष्म्या आल्या. गंगाबाईंच्या घरी पंक्तीच्या पंक्ती, खिरीला दूध आटवायचं, म्हणून त्यांच्या सुनेनं खड्ड्यात दणदणीत जाळ केला. संध्याकाळी बाई बघतात तो फ्लास्कच्या तळाला नुसती पिवळी खरवड. सून रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "रडू नको, अजून एक आहे." खोलीत जाऊन मात्र त्या दार लावून बसल्या. मी बाहेरून हाक मारली तर आतून आवाज आला, "सेलूकर, आज जा. आज मी वाईट बोलेन."

त्या दिवसापासून गंगाबाईच बदलल्या. सुनेच्या हातून झालेलं त्यांना फार लागलं. त्यांनी खड्ड्याशेजारी पाट मांडला आणि तिसऱ्या वाट्याची राखण स्वतःकडे घेतली. बाई कॉलेजात गेल्या, की गंगाबाई थर्मामीटर बघायच्या. आकडे वाचता येत नव्हते, म्हणून बाईंनी काचेवर लाल दोरा बांधून दिला होता. पारा दोऱ्याच्या वर गेला की राख ओढायची, खाली गेला की गोवरी सरकवायची. पाऊस आला तर वर पत्रा. गिऱ्हाईक दुधासाठी दारात खोळंबलं तर म्हणायच्या, "थांब जरा, आमच्या खंदारे बाईची पोरं जेवायलीत."

पण पोरं जेवत होती का? दोन्ही फ्लास्क सारखेच दिसायचे. दसरा गेला. प्राचार्य मला विचारायचे, "काय हो, दही लागलं का?" मी कसनुसं हसायचो. बाईंनी त्या दिवसांत कुणाशी भांडण केलं नाही, वर्ग चुकवला नाही, रविवारची खेडी चुकवली नाहीत. चालणं तेवढं आणखी झपाझप झालं होतं. गाल बसले होते.

कोजागिरीनंतर एका सकाळी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. दोन्ही फ्लास्कमधून थोडं थोडं पाणी काढून त्या तेजाब मोजत होत्या. ब्युरेटच्या मापाच्या काचनळीतून थेंब थेंब पडत होता. खोटं पकडायचा फ्लास्क होता तसाच. उत्तमच्या पाण्याच्या फ्लास्कातलं तेजाब मात्र चांगलंच वाढलेलं. बाईंनी पुन्हा मोजलं. मग मला मोजायला लावलं. मग म्हणाल्या, "माझा विश्वास नाही, आणखी एकदा."

तेवढ्यानंही त्यांचं समाधान नव्हतं. काचेवर थेंब घेतला, वाळवला, रंग दिला, तेलाचा थेंब टाकला. वीज नव्हतीच. खिडकीतून आलेलं ऊन आरशावर धरलं आणि डोळा लावला. किती वेळ गेला कोण जाणे. मी शेवटी म्हटलं, "काय दिसतंय?"

बाई बाजूला झाल्या. "तुम्ही सांगा. मी काही सांगणार नाही."

मी पाहिलं. गंधकाचे काळपट खडे, आणि त्यांच्या कडेला चिकटून बारीक, ओबडधोबड, गोलसर ठिपके. जात्याखाली सांडलेल्या ज्वारीच्या कण्या दिसतात तसे. पुष्कळ होते. मी खोटं पकडायच्या फ्लास्कातली काच मागितली, तीही पाहिली. नुसते खडे. तसं सांगितलं.

बाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि लहान पोरीसारख्या हमसून हमसून रडल्या. मग एकदम हसल्या. म्हणाल्या, "बघा, तेजाबात बी संसार मांडलाय की त्यांनी!" मला इतका आनंद झाला होता, की मी प्राणीशास्त्राच्या सरांना तासावरून ओढत आणलं आणि त्यांची मान धरून मायक्रोस्कोपवर वाकवली. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा कधी जिलबीचं नाव काढलं नाही.

त्याच दिवशी बाईंनी पोस्टातून ट्रंककॉल लावून गाईडला कळवलं. तिकडून उत्तर आलं, "असं? बघतो."

चार-पाच दिवसांनी गाईडचा एक विद्यार्थी परभणीला हजर. बेलबॉटम, मोठ्या कॉलरचा शर्ट आणि हातात नवाकोरा थर्मास. गंगाबाईंच्या ओसरीवर बसून त्यानं अगदी गोड आवाजात निरोप सांगितला. "सर म्हणाले, मॅडमनी सुरेख काम केलंय. जिवांचं हे कल्चर आता आमच्या लॅबमध्ये हलवायचं. उपकरणं तिथं आहेत. पुढचं काम मी करणार आहे. मॅडमचं नाव आभारात येईल. आणि मॅडमचं रजिस्ट्रेशन सर दह्यावर करून देतायत, म्हणजे परभणीतच, घरच्या घरी होऊन जाईल."

माझं डोकं सणकलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "जेवलात का?"

"नाही, पण..."

"आधी जेवा."

त्यांनी त्याला पाटावर बसवून भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी वाढली. उकळलेलं पाणी दिलं. अजिबात टोचून बोलल्या नाहीत. तो पोरगाही बिचारा सांगितलेलंच करत होता. गंगाबाई मात्र खड्ड्याजवळून हलल्या नाहीत. मला खुणेनं बोलावून त्यांनी विचारलं, "सर, हे पोरगं काय मागायलंय?"

"बाटली."

"अन् बाई देणार?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. गाईडशी वाकडं घेऊन आमच्या काळात कुणाची पदवी झाली नव्हती.

बाई खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात लोखंडी ट्रंक आणि वळकटी होती. गंगाबाईंनी स्वतःच्या हातानं फ्लास्क वाळूतून काढला. बाईंनी तो बाटलीत रिकामा केला, बूच लावलं, बाटली लोकरीच्या शालीत गुंडाळली. खोटं पकडायच्या फ्लास्कचीही तशीच एक छोटी बाटली करून ट्रंकेत ठेवली. वाटेत कॉलेजात शिरल्या. प्राचार्य म्हणाले, सुट्टीला अजून अवकाश आहे, रजा देता येणार नाही. बाई म्हणाल्या, "देऊ नका सर. गाडी दुपारची आहे, मला निघायला हवं." आणि नमस्कार करून निघाल्यासुद्धा.

त्या काही परभणीला राहायला परत आल्या नाहीत. तिकडेच नोकरी धरली, चार वर्षं त्या लॅबमध्ये पाय रोवून उभ्या राहिल्या आणि ह्याच जिवांवर, स्वतःच्या नावानं डॉक्टर झाल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, परभणीच्या स्टेशनवर.

मनमाडची गाडी लागली होती. बाईंनी शालीतली बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. डब्याच्या पायऱ्या उंच, बाई ठेंगण्या. पोरानं रिकामा थर्मास काखेत मारला आणि हात पुढे केला. "मॅडम, बाटली द्या माझ्याकडे, मी धरतो. तुम्ही चढा आधी."

बाईंनी पायाशी ठेवलेल्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. "ती घ्या. जड आहे."

त्यानं ट्रंक उचलली. बाई दांड्याला न धरता, कोपर दाराला टेकवत एकेक पायरी चढल्या, खिडकीशी बसल्या आणि बाटली मांडीवर घेतली. ट्रंकेच्या वजनानं वाकलेला तो पोरगा धापा टाकत आत आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "पण मॅडम, सरांनी फक्त बाटली आणायला सांगितली होती. मी त्यांना काय सांगू?"

शिट्टी झाली. गाडी हलली.

"तुमी कशाला सांगायलात?" खंदारे बाई म्हणाल्या. "मी येतेय की!"